शिक्केबाईंचं माहेर

शिक्केबाईंचं माहेर त्यांच्या ऑफिसपासून हाकेच्या अंतरावर होतं, आणि तरीही वर्षातले कितीतरी दिवस त्या तिथे पाण्याचा घोटसुद्धा घेत नसत. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. नियम होता. तोही कुणी लादलेला नाही, बाईंनी आपला आपणच गळ्यात बांधून घेतलेला. माहेरचा माल तपासणीत असेल तोवर माहेरचं काही खायचं नाही, प्यायचं नाही आणि कामाचा विषय निघाला की चपला पायात घालायच्या. नवरा चिडवायचा, "तुझ्या माहेरची तऱ्हाच वेगळी. लेक येते, बसते आणि कोरड्या घशाने परत जाते." बाई हसायच्या, पण नियम मोडायच्या नाहीत.

माहेर कात्र्यांचं. गल्लीच अख्खी कात्र्यांची होती. खाली कारखाना, वर बिऱ्हाड आणि मधल्या जिन्यावर लोखंडाच्या किसाचा वास. शिंप्यांच्या मोठ्या, वजनदार कात्र्या तिथे पिढ्यान्‌पिढ्या बनत आलेल्या. प्रत्येक घराची आपली एक पद्धत आणि त्या पद्धतीइतकीच मोठी हेकडी. लग्नकार्याला सगळे एकमेकांकडे जात, आजारपणात धावून येत, पण गिऱ्हाईक गल्लीत शिरलं की भावाभावांची ओळख संपायची.

या माणसांना एकत्र बसवायला मोठी फजितीच व्हावी लागली. बाईंच्या आजोबांच्या काळात कुणी एकाने मऊ लोखंडाच्या कात्र्यांना नुसतं पॉलिश मारून त्या बोटीवर चढवल्या. तिकडच्या शिंप्यांच्या हातात त्या चार दिवसांत बोथट झाल्या. परदेशातल्या व्यापाऱ्याला या घरातला आणि त्या घरातला फरक कुठून कळणार? त्याने सबंध गल्लीवरच काट मारली आणि चांगला-वाईट सगळा माल परत धाडला. मग एकमेकांचं तोंड न बघणारी ही मंडळी एका सतरंजीवर बसली. नगरपालिकेने जागा दिली, सरकारने यंत्रं दिली आणि तपासणीघर उभं राहिलं. तेव्हापासून परदेशी जाणाऱ्या प्रत्येक पेटीच्या तारेला शिशाचा एक मणी असतो आणि त्या मण्यावर तपासणीघराचा शिक्का. आपापसांत भांडायला घरं मोकळीच राहिली, फक्त बंदरापलीकडे सगळ्यांची अब्रू त्या एका मण्याला टांगली गेली.

तो शिक्का सांभाळणाऱ्या म्हणून त्या शिक्केबाई. त्यांचं खरं नाव ऑफिसात पगाराच्या दिवशी तेवढं आठवलं जायचं.

माहेरी मात्र त्या धाकटी. थोरला भाऊ, म्हणजे दादा, बाबांच्या शेजारी कामाच्या टेबलाशी बसायचा आणि धाकटी खाली फरशीवर दोरे बांधत असायची. हे दोरे म्हणजे या घराची खासियत. कात्रीला दोन पाती, एक अंगठ्याचं आणि एक बोटांचं. बाबा ती दोन्ही एकमेकांच्या मापाने कानशीने घासून जुळवायचे. या पात्याला जिथे किंचित पोट, तिथे त्या पात्याला तेवढीच खोली. त्यामुळे एकदा जमलेली जोडी जन्माची. एका कात्रीचं पातं दुसरीला चालायचं नाही. स्क्रू बसेपर्यंत जोडी फुटू नये म्हणून ती दोऱ्याने बांधून ठेवायची. बाबा तयार कात्री कानाशी धरून उघडमीट करायचे. आवाज मुळापासून टोकापर्यंत एकसारखा आला तर मान हलवायचे, नाही तर पुन्हा कानस.

कधी एखादा दोरा सुटायचा. पाती फरशीवर विखुरली की धाकटी घाबरायची, कारण बाबांना निष्काळजीपणाचा फार राग. मग ती गुपचूप एकेक पातं उचलून अंगठा फिरवायची, कानाशी लावायची, ऐकायची आणि ज्याची जोडी त्याला लावून पुन्हा दोरा बांधायची. एकदाही चुकली नाही. पण हे तिने कुणाला सांगितलं नाही आणि तिला कुणी विचारलंही नाही. थोडी मोठी झाल्यावर तिने एकदा धीर करून म्हटलं होतं, की मीही टेबलाशी बसू का. बाबा रागावले नाहीत. ते म्हणाले, तू उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार, मग हात इथला आणि काम तिथलं, असं कसं चालेल? आणि पुन्हा कानस चालवायला लागले. त्या टेबलाशी दोनच स्टुलं होती. तिसरं कधी आलं नाही.

गल्लीच्या टोकाला सरकारी तंत्रशाळा होती, तिथे मात्र मुलगा-मुलगी असं कुणी विचारत नव्हतं. धाकटी तिथे शिकली आणि तपासणीघरात लागली. बाबांनी ऐकून घेतलं, जेवले, झोपले, दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे कामाला बसले. तपासणीघराला मात्र तेव्हापासून ते "तुझा दवाखाना" म्हणू लागले.

नोकरीच्या सुरुवातीलाच एकदा ती माहेरी जेवून निघाली आणि दारातच समोरचे भेटले. समोरचे म्हणजे समोरच्या कारखान्याचे मालक, गल्लीत त्यांना सगळे याच नावाने ओळखत. त्या आठवड्यात दोन्ही घरांचा माल तपासणीत होता. समोरच्यांनी हसत हसत विचारलं, आज काय बेत होता? चेष्टाच होती, पण तिची कानशिलं तापली. त्या दिवशी तिने कानाला खडा लावला. माहेरचा माल आला की त्याची नोंद, मोहोर, सगळं तिच्या हाताखालच्या कारकुनाने करायचं आणि तिने त्या टेबलाकडे फिरकायचंही नाही. लोक आधी हसले, मग सवय झाली. पुढे पुढे परदेशातून एखादा व्यापारी आला की समोरचेच अभिमानाने सांगायचे, आमच्याकडे एक बाई आहेत, त्या बापाच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत.

अशी सगळी वर्षं सुरळीत गेली. बाईंचे केस पिकले, बाबा पार म्हातारे झाले, दादाने कारभार हातात घेतला. आणि मग एकाच वेळी दोन गोष्टी आल्या. तपासणीघरात नवं यंत्र आलं आणि दादाला परदेशातल्या एका मोठ्या शिलाई कंपनीची ऑर्डर तोंडी कबूल झाली.

ऑर्डरचं महत्त्व घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गल्लीतल्या बाकीच्या घरांनी केव्हाच यंत्रावर पाती घासायला सुरुवात केली होती. समोरच्यांची कुठलीही दोन पाती उचलावीत, जमायची. दादाच्याच घरात अजून कानस चालत होती आणि कानशीवरची माणसं एकेक करून कमी होत होती. ही ऑर्डर मिळाली तर उरलेली टिकणार होती. नाही तर दादाने स्पष्टच सांगितलं होतं, की कानशी बंद करू, दुसऱ्यांच्या कात्र्या घेऊ आणि त्यावर आपलं नाव घालून विकू. बाबा ते ऐकून पुन्हा कानस चालवायला लागले होते. पण बाई त्यांना ओळखून होत्या. कानस थांबली तर ते स्टुलावर बसून काय करणार, हा विचार मनात आला की त्यांना गलबलून यायचं.

नमुन्याच्या सहा कात्र्या तपासणीघरात आल्या आणि बाईंनी माहेरचं पाणी बंद केलं.

त्या दिवशी त्या खरं तर चाचणीच्या खोलीत जाणारच नव्हत्या. पण दुसऱ्याच एका घराच्या पेट्यांसाठी शिशाचे मणी कमी पडले, त्यांचा डबा त्या खोलीतल्या कपाटात होता, म्हणून गेल्या. नवं यंत्र गुणगुणत होतं. यंत्रावरचा माणूस नीटनेटका आणि हुशार. त्याने कामाची छान शिस्त लावली होती. कात्र्या आल्या की स्क्रू काढायचा, सगळी अंगठ्याची पाती एका ट्रेमध्ये, सगळी बोटांची दुसऱ्या ट्रेमध्ये, आणि ट्रेच्या ट्रे यंत्राखाली. पोलाद किती कडक आहे ते एका दमात कळायचं. मग पुन्हा स्क्रू लावायचा आणि कात्री कापडावर चालवून बघायची. पूर्वी हेच काम एकेक कात्री खोलून चालायचं, आता एका दुपारी दोन दुपारींचं काम होत होतं.

बाईंची नजर ट्रेवर गेली आणि त्या तिथेच थांबल्या. मुठीजवळचा तो बारीक खाचेचा नक्षीपट्टा त्यांनी लहानपणी हजारदा पाहिलेला. एका ट्रेमध्ये सहा पाती ओळीने, दुसऱ्यात सहा. दोरा नाही, खूण नाही. यंत्रावरच्या माणसाने आपणहून सांगितलं, की पोलाद उत्तम आहे हो, पण जोडल्यावर कापतच नाहीत, सहापैकी पाच कापडात अडकल्या. इतक्या जुन्या घराचा माल असा कसा म्हणून त्यालाही वाईट वाटत होतं. नापासाचा अहवाल साहेबांच्या टेबलावर गेलाही होता.

बाई डबा घेऊन जागेवर आल्या आणि तो उघडायचंच विसरल्या. बोलावं तर सगळं तपासणीघर म्हणणार, बघा, शेवटी माहेरच आडवं आलं. इतकी वर्षं घशाला कोरड पाडून जे कमावलं ते एका वाक्यात जाणार. न बोलावं तर दादाची ऑर्डर बुडते, आणि तीही त्याच्या चुकीने नाही. बाकीच्या घरांची पाती कशीही जोडली तरी चालतात, म्हणून ही चूक आजवर कुणाच्या ध्यानात आलीच नव्हती. ती फक्त या एकाच घराच्या वाट्याला येणार होती. मूग गिळून बसणं सोपं होतं. त्यांनी थोडा वेळ तेही करून पाहिलं. मग उठल्या आणि साहेबांच्या खोलीत गेल्या.

साहेब बाहेरगावचे, शांत डोक्याचे गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून ठेवला.

"बाई, हे तुम्ही मला कोण म्हणून सांगताय?" त्यांनी विचारलं. आवाजात खोच नव्हती, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"शिक्का मारते ती म्हणून," बाई म्हणाल्या. "पास झालेल्या मालावर खोटा शिक्का बसू नये म्हणून मी इतकी वर्षं जपलं. चांगल्या मालावर नापासाचा बसला, तर तोही खोटाच ना?"

साहेबांनी टेबलावरचा अहवाल ओढून पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी निकाल थांबवला. चूक आपली असेल तर आपण ती कबूल करू, पण सगळ्यांच्या देखत, असं त्यांनी ठरवलं. घरच्या माणसाने इथे येऊन पाती जुळवावीत, एकदाच. मग आम्ही तपासू. इकडची तिकडे लावून पास होईपर्यंत बघत बसायचं, याला तपासणी म्हणत नाहीत. साक्षीला गल्लीतल्या दुसऱ्या एका घराचं माणूस बोलवायचं. आणि तुम्हीही हजर राहा, ते बाईंना म्हणाले, आता तुम्ही बोललाच आहात तर सगळ्यांना दिसेल असं उभं राहा. पण हात मागे.

दुसऱ्या दिवशी बाबा आपल्या आयुष्यात पहिल्यांदा तपासणीघराची पायरी चढले. घरातली पाती शेवटी त्यांच्याच हातून जुळत, दुसरं कुणी ते करू शकलं नसतं. धुतलेला शर्ट, दाढी केलेली, दादाने कोपराला धरलेलं. साक्षीला समोरचे आले होते. एकमेकांना नमस्कार झाले. बाबांनी खोलीभर नजर फिरवली आणि लेकीकडे बघून म्हणाले, "दवाखाना स्वच्छ आहे." बाई भिंतीशी उभ्या होत्या, हात मागे बांधून.

बाबा ट्रेसमोर बसले आणि त्यांचे हात चालायला लागले. एक पातं उचललं, अंगठा फिरवला, ठेवलं. दुसरं उचललं. दोन जुळवून कानाशी धरली, उघडमीट केली, मान हलवली. पहिली जोडी झाली, मग दुसरी. यंत्रावरचा माणूस कौतुकाने पुढे वाकून बघत होता. तिसरी, चौथी. दादाने इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. ट्रेमध्ये चारच पाती उरली. दोन अंगठ्याची, दोन बोटांची.

तिथे घोडं अडलं. बाबांनी एक जोडी लावली, कानाशी धरली. काढली, अदलाबदल केली, पुन्हा धरली. मग दुसऱ्या कानाशी धरली. यंत्र बंद करा म्हणाले. यंत्र बंद झालं. खोलीत कसलाही आवाज उरला नाही आणि बाबा पुन्हा ऐकू लागले. त्यांच्या कपाळावर घाम आला. बाईंना एकदम कळलं. बाबांचे कान गेले होते. केव्हा गेले कुणास ठाऊक. घरी घासताना अंगठा सांभाळून घ्यायचा आणि जमलेली जोडी दोऱ्यातच असायची, त्यामुळे चुकायची वेळच यायची नाही. घरातल्या कुणाला कळलं नव्हतं आणि बाबांनी ते स्वतःलाही कळू दिलं नव्हतं.

बाईंना मात्र उभ्या जागेवरून ऐकू येत होतं. पहिल्या वेळी लावलेली जोडी बरोबर होती, दुसरी चूक. त्यांची मागे बांधलेली बोटं आपोआप हलत होती.

बाबांनी पाती खाली ठेवली. चष्मा पुसला. मग मान वळवून त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"धाकटे," ते म्हणाले, "तू लाव. लहानपणी दोरे सुटायचे तेव्हा लावायचीस तशी."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. फरशीवर बसून ती भीत भीत काय करायची, ते तेव्हापासून त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्यांनी तिसरं स्टूल आणलं नाही. बाईंना राग आला, आणि त्याच क्षणी इतका आनंदही झाला की दोन्ही वेगळे करता येईनात. सबंध जन्म ज्या एका वाक्याची वाट पाहिली, ते वाक्य बाबा आज बोलले होते, आणि या खोलीत बोलले होते.

"मला हात लावता येत नाही, बाबा."

"मी सांगतोय ना."

"तरीही नाही. इथे नाही."

दादा काही बोलणार होता, साहेबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. समोरचे खिडकीबाहेर बघायला लागले. माणूस तसा चांगला होता, कुणाची फजिती डोळे भरून बघण्यातला नव्हता. बाबांच्या हाताशी दोनच शक्यता होत्या, अंदाजाने एक लावून दिली असती तरी बरोबर येण्याचा निम्मा संभव होता. पण आयुष्यात कधी अंदाजाने कात्री बाहेर पाठवली नव्हती, ती त्या दिवशीही पाठवली नाही.

"लिहा साहेब," ते म्हणाले, "या दोन मला ओळखू येत नाहीत." आणि टेबलाला रेटा देऊन उठले.

जिन्यावर दादाने बाईंना गाठलं. एका हाताचं काम होतं ग, एवढंच तो म्हणाला, ओरडला नाही, आणि तेच जास्त लागलं. बाई आपल्या खोलीत गेल्या, दार लोटलं आणि रडल्या. मग तोंड धुऊन त्यांनी राहिलेल्या पेट्यांच्या मण्यांवर शिक्के दाबले.

साहेबांनी सांगितल्याप्रमाणे केलं. चाचणीची पद्धत या मालाला लागू नव्हती, चूक तपासणीघराची, असं त्यांनी स्वच्छ शब्दांत लिहून तो निकाल रद्द केला, नमुन्याच्या सहा पुऱ्या होत नव्हत्या म्हणून तो परत दिला आणि नवा आणायला सांगितलं. बाहेरच्या फळ्यावर सगळ्या घरांसाठी सूचना लागली, की ज्यांची पाती जोडीनेच चालतात त्यांनी दोन्ही पात्यांवर एकच आकडा ठोकावा. मात्र परदेशातली कंपनी तेवढं थांबायला तयार नव्हती. तिला माल वेळेवर हवा होता, आणि ती घराला ओळखत नव्हती, मण्यावरच्या शिक्क्याला ओळखत होती. शिक्का समोरच्यांच्या मालावरही होता. अर्धी ऑर्डर त्यांच्याकडे गेली. समोरचे ही बातमी द्यायला स्वतः आले. दादाने त्यांना बसवलं, चहा दिला. उरलेली अर्धी ऑर्डर कानशी चालू ठेवायला पुरणार होती, फक्त नवा नमुना पास व्हायला हवा. पुढे तो झाला, हे इथेच सांगून टाकलेलं बरं, कारण आपली उरलेली गोष्ट तो तपासणीला जायच्या आदल्या संध्याकाळची आहे.

जुना नमुना परत गेला होता आणि नवा उद्या यायचा होता. माहेरचं काहीही तपासणीघरात नाही, अशी ती एकच संध्याकाळ मधे मिळाली होती. ऑफिस सुटल्यावर बाई थेट माहेरी गेल्या. वहिनीने पाणी पुढे केलं. बाईंनी तांब्याभर पाणी पिऊन टाकलं.

खाली कारखान्यात कामगार घरी गेले होते. बाबा टेबलाशी आपल्या स्टुलावर होते. दादाचं स्टूल रिकामं होतं. समोर ती चार पाती मांडून ठेवलेली. बाबांनी रिकामं स्टूल पायाने थोडं पुढे सरकवलं.

बाई बसल्या. टेबल त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा ठेंगणं होतं, इतकी वर्षं त्यांनी ते फरशीवरूनच पाहिलेलं. पाती हातात घेतली, अंगठा फिरवला, कानाशी नेली. दोन्ही जोड्या लावून बाबांसमोर ठेवल्या, त्याला पापणी लवायचाही वेळ लागला नाही. बाबांनी कात्री कानाशी नेली, मग अर्ध्यातच हात खाली घेतला. आता नुसत्या ऐकल्यासारखं करण्यात काही अर्थ नव्हता.

"या दोन नमुन्यात पाठवू नका," बाई म्हणाल्या. "माझा हात लागलाय."

"नाही पाठवत." बाबांनी कात्री बाजूला ठेवली. "त्या फळ्यावरचं खरं आहे का ग? कात्रीला नंबर ठोकायचा? ती काय कैदी आहे?"

बाईंना हसू आलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. आपल्या यंत्रावरच्या माणसाने जे केलं तेच तिकडे रोज होणार. शिलाईच्या कारखान्यात शंभर कात्र्या एकदम धारेला जाणार, कुणीतरी स्क्रू काढून सगळी पाती एका टोपलीत टाकणार. इथे कात्री बिघडली तर माणूस गल्लीत येतो, तुम्ही जोडी बघून देता. तिकडे कोण देणार? "तुमचे कान बोटीवर चढवता येत नाहीत, बाबा. नंबर चढवता येतो."

बाबांनी आपल्या कानाला नकळत हात लावला. त्यांनी खणातून आकडे ठोकायचे ठसे काढले, फुंकर मारली आणि ते दादाच्या जागेसमोर, म्हणजे आत्ता बाईंसमोर ठेवले. मग मागच्या फळीवरून तयार पात्यांची एक टोपली ओढली आणि त्यातली मूठभर पाती टेबलावर ओतली.

"सुटलीत ही. बघ जरा."

बाईंनी बघितली. जोडी लावली की त्या दोन्ही पात्यांवर आतल्या बाजूने आकडा ठोकायच्या आणि बाबांकडे द्यायच्या. बाबा ती पुसून ओळीत ठेवायचे. वरून वहिनीच्या भांड्यांचा आवाज येत होता, रस्त्यावरून कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं. दादा एकदा जिन्यात येऊन उभा राहिला, आपल्या स्टुलावर कोण बसलंय ते पाहिलं आणि आल्या पावली वर गेला. संपत आलं की बाबा पुन्हा टोपलीत हात घालायचे आणि पुन्हा सुटी पाती टेबलावर यायची. इतकी पाती एकदम सुटतात कशी, असं बाईंच्या मनात आलं. हातोडी खाली पडली म्हणून त्या वाकल्या, तर बाबांच्या पायाशी दोऱ्यांचा ढीग पडला होता. नुकतेच सोडलेले दोरे, गाठीचे वळ अजून तसेच.

उद्या सकाळी नमुना तपासणीघरात जाणार होता. मग पुन्हा पाणी बंद, टेबल बंद. बाबांना ते बाईंइतकंच ठाऊक होतं.

बाईंनी हातोडी उचलली आणि सरळ होऊन बसल्या. दोरे होते तिथेच राहू दिले.

"अजून किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"आहेत," बाबा म्हणाले, आणि त्यांनी टोपली टेबलाखाली, तिला दिसणार नाही अशी, जरा आत सरकवली.